अग्रणी राष्ट्राचे उत्तरदायित्व

वातावरण हे सर्व राष्ट्रांचे सामायिक धन आहे. मात्र त्यावर पडलेला भार सर्वांनी सारखा टाकलेला नाही. औद्योगिक क्रांतीपासून इंधने जाळून हवेत सोडल्या गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे एक चतुर्थांश वाटा एकट्या अमेरिकेचा आहे. म्हणूनच हवामानविषयक करारांत पुढाकार कोणी घ्यावा, या प्रश्नाचा विचार त्या देशापासून सुरू करावा लागतो.

असा पुढाकार अमेरिकेला अपरिचित नाही. फवाऱ्याच्या डब्यांत व शीतकपाटांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू ओझोनचा थर नष्ट करू शकतात, असा इशारा मारिओ मोलिना व शेरवुड रोलँड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दिला. कोणताही जागतिक करार होण्यापूर्वीच, १९७८ मध्ये, अमेरिकेने फवाऱ्याच्या डब्यांतील या वायूंच्या बहुतेक वापरावर बंदी घातली. स्वतःच्या घरी आरंभ केल्यामुळे तिच्या शब्दाला वजन आले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करारावर स्वाक्षऱ्या झाल्या आणि पुढील वर्षी अमेरिकी सिनेटने तो ८३ विरुद्ध ० मतांनी मान्य केला.

तरीही भारत व चीन यांचा प्रश्न रास्त होता. शीतकपाट जेथे अद्याप मोजक्याच घरांत पोहोचले आहे, त्या देशांनी नव्या तंत्रज्ञानाचा खर्च का सोसावा? १९९० च्या लंडन बैठकीत त्यासाठी बहुपक्षीय निधीचा निर्णय झाला. अमेरिकेचा प्रारंभी त्यास विरोध होता. तो मागे घेतल्यावरच मार्ग मोकळा झाला. भारत १९९२ मध्ये करारात सहभागी झाला. आज जगातील प्रत्येक राष्ट्र त्यात आहे, आणि अंटार्क्टिकावरील ओझोन थर २०६६ च्या सुमारास पूर्ववत होईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

हवामानबदलाच्या बाबतीत मात्र हे सातत्य टिकले नाही. ‘सामायिक परंतु भिन्न जबाबदारी’ हे तत्त्व १९९२ च्या मूळ करारात अमेरिकेने स्वीकारले होते. परंतु विकसनशील देशांवर त्याच काळात बंधने न घालणारा करार नको, असा ठराव सिनेटने जुलै १९९७ मध्ये ९५ विरुद्ध ० मतांनी केला. त्यामुळे क्योटो करारावर स्वाक्षरी होऊनही तो मंजुरीसाठी सिनेटपुढे आलाच नाही. २०१५ च्या पॅरिस कराराचे भाग्य याहून विचित्र ठरले. अमेरिका २०२० मध्ये त्यातून बाहेर पडली, २०२१ मध्ये परतली आणि २०२५ मध्ये तिने पुन्हा माघारीची सूचना दिली.

अमेरिकेची बाजू अगदीच पोकळ नाही. ओझोनघातक वायू मोजकेच उद्योग तयार करीत आणि त्यांना पर्यायही सापडले. कोळसा व खनिज तेल मात्र आजच्या साऱ्या व्यवहारात भिनलेले आहेत. शिवाय वार्षिक उत्सर्जनात आता चीन सर्वांत पुढे आहे. तथापि दरडोई हिशेब पाहिला, तर एक अमेरिकी नागरिक वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइडला कारणीभूत होतो आणि एक भारतीय सुमारे २ टनांना. ज्याचा वाटा मोठा, त्याने आधी पाऊल उचलावे, या अपेक्षेत अन्याय नाही.

सर्वांत मोठी हानी होते ती परस्परविश्वासाची. दर निवडणुकीनंतर एका मोठ्या राष्ट्राचा शब्द बदलू लागला, की इतरांनाही आपले कर्तव्य पुढे ढकलण्यास निमित्त मिळते. समुद्रसपाटीपासून सरासरी अवघे दोन मीटर उंच असलेल्या मार्शल बेटांना मात्र थांबायला अवधी नाही.

मॉन्ट्रियलचा अनुभव पुढाकाराची तीन लक्षणे सांगतो: आरंभ स्वगृही करावा, दुर्बलांच्या खर्चाचा भार उचलावा आणि सरकारे बदलली तरी वचन पाळावे. वार्षिक उत्सर्जनात तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय जाहीर केले आहे. दरडोई वाटा अल्प असला, तरी दिलेला शब्द पाळण्याची कसोटी आपल्यालाही लागू आहे.