कंपवात असलेल्यांनी लस घ्यावी का?

हिंगोलीत आमच्या मोहल्ल्यातील एका चाचांना कंपवात आहे. हजला निघालेल्यांना मेनिंजायटिसची लस बंधनकारक. पण लसीने थरथर वाढेल म्हणून घरचे टाळत होते. भीती अगदीच निराधार नाही. लसीनंतर ताप आला तर एक-दोन दिवस थरथर वाढते, मग ओसरते. मूळ आजार मेंदूतील डोपामिन घटल्याचा. लसीने तो वाढत नाही.

खरी भीती न्यूमोनियाची. या रुग्णांना नीट गिळता येत नाही, घास श्वासनलिकेत जातो. म्हणून फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोकॉकलची डॉक्टरांना विचारून घ्यावी. सुई कमी थरथरणाऱ्या दंडात घ्यावी. लेव्होडोपाची गोळी मात्र ठरल्या वेळीच. रांगेत उभे राहायचे असेल तर ती खिशात असू द्या.