लहान मोटारीची पारख

१४ डिसेंबर १९८३ रोजीं दिल्लींत पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं मारुति ८०० या मोटारीची किल्ली पहिल्या ग्राहकाच्या हातीं दिली. ७९६ घनसेंटिमीटरचें, तीन सिलिंडरांचें छोटें इंजिन आणि पन्नास हजारांच्या आसपासची किंमत, असा तिचा थाट होता. तोंवर मोटार म्हणजे कारखानदार, नामांकित डॉक्टर अथवा बडे अधिकारी यांच्या दारांतील वस्तु, अशीच समजूत होती. पुढील तीस वर्षांत, म्हणजे २०१४ च्या जानेवारींत तिचें उत्पादन थांबेपर्यंत, या छोट्या गाडीनें ती समजूत पार पालटून टाकली. आज तालुक्याच्या गांवींहि शिक्षक, किराणा दुकानदार, द्राक्षबागाईतदार यांच्या घरांत लहान मोटार घेण्याचा विचार चालूं असतो. आणि तो सुरू झाला म्हणजे पहिला प्रश्न निघतो तो किंमतीचा. वस्तुतः तो सर्वांत शेवटीं निघावयास हवा. मोटार ही तांब्याच्या हंड्यासारखी एकदां आणून ठेवण्याची वस्तु नव्हे. दुभत्या जनावरासारखें तिला रोज खाऊं घालावें लागतें, दुखलें खुपलें पहावें लागतें. शिवाय घरचीं माणसें तिच्या हवालीं करून रस्त्यावर पाठवावयाचीं असतात.

लहान मोटार कोणास म्हणावें, हें सरकारनें करासाठीं ठरवून ठेविलें आहे. लांबी चार मीटरपर्यंत, आणि इंजिन पेट्रोलचें असल्यास १२०० व डिझेलचें असल्यास १५०० घनसेंटिमीटरपर्यंत. २००६ च्या अंदाजपत्रकांत अशा गाड्यांना उत्पादनशुल्काची सवलत मिळाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांवर वस्तु व सेवा कर १८ टक्के, तर पेट्रोल-डिझेलच्या मोठ्या गाड्यांवर ४० टक्के, असा भेद करण्यांत आला. बाजारांतील कित्येक गाड्यांची लांबी नेमकी ३९९५ मिलिमीटर भरते, तिचें रहस्य हेंच. गाडीचा नकाशा इंजिनिअराइतकाच कर-खात्यानेंहि काढला आहे, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. याचा परिणाम आंत बसणाऱ्याच्या गुडघ्यांवर होतो. म्हणून गाडी पाहावयास एकट्यानें न जातां घरांतील वडील माणसांस बरोबर न्यावें. ज्या आजीबाईंना वाकून बसतां येत नाहीं आणि बसल्यावर उठतां येत नाहीं, त्यांच्या घरीं ती गाडी कितीहि स्वस्त मिळाली तरी महागच पडते.

त्यानंतर वर्षांत गाडी किती किलोमीटर फिरेल, हें कागदावर मांडावें. आपल्याकडे "अॅव्हरेज किती देते?" हा प्रश्न इतका रूढ आहे कीं त्यापुढें दुसरें कांहीं सुचत नाहीं. पण समजा, एखादें कुटुंब रविवारची देवदर्शनें, लग्नकार्यें आणि वर्षांतून दोनदां गांवाकडची खेप मिळून ६००० किलोमीटर फिरतें. लिटरला १५ किलोमीटर जाणारी गाडी ४०० लिटर पेट्रोल पिईल, आणि २० किलोमीटर जाणारी ३०० लिटर. सोयीसाठीं पेट्रोल शंभर रुपये लिटर धरलें तर दोहोंत वर्षाकांठीं दहा हजारांचा फरक पडतो. एवढ्यासाठीं पातळ पत्र्याची, ब्रेकला दुबळी गाडी पत्करणें शहाणपणाचें नाहीं. याच्या उलट, रोज नोकरीसाठीं साठ किलोमीटर जाणारा मनुष्य वर्षांत वीस हजार किलोमीटर सहज ओलांडतो. त्याच्या बाबतींत हाच फरक तेहतीस हजारांवर जातो आणि तेथें अॅव्हरेजला महत्त्व येतें. कंपनीच्या पत्रकांतील आंकडा मात्र प्रयोगशाळेंतील रोलरवर, ठराविक वेगानें व ठराविक हवेंत मोजलेला असतो. रस्त्यावर खड्डे, सिग्नल, चढण आणि वातानुकूलन यांचें देणें त्यांतून वजा होतें. आतां पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें आणि इथेनॉलची उष्णताशक्ति पेट्रोलहून सुमारें एकतृतीयांशानें कमी आहे. त्यामुळेंहि आंकडा थोडा खालींच येतो. जुन्या गाडींतील रबरी नळ्या व सांध्यांच्या चकत्या या मिश्रणासाठीं बनविलेल्या नसल्यास त्या लौकर खराब होण्याचा संभव असतो, हें जुनी गाडी घेणारानें ध्यानांत धरावें.

डिझेलची लहान गाडी थोड्या फिरण्यासाठीं घेऊं नये. १ एप्रिल २०२० पासून लागूं झालेल्या भारत स्टेज ६ च्या नियमानंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी जाळी असते. लांबच्या सरळ प्रवासांत ती तापून आपोआप साफ होते; बाजारापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडींत ती तुंबते, आणि तिचा खर्च डिझेलमध्यें वांचलेले पैसे गिळून टाकतो. गॅसवर चालणारी गाडी रोज फिरणाऱ्यास परवडते, मात्र सामानाची जागा टाकी खाते.

आतां सुरक्षिततेविषयीं. जानेवारी २०१४ मध्यें ग्लोबल एन्कॅप या संस्थेनें भारतांत विकल्या जाणाऱ्या पांच लहान गाड्या ताशीं ६४ किलोमीटर वेगानें अडथळ्यावर आदळून पाहिल्या. आल्टो ८००, नॅनो, आय १०, फिगो आणि पोलो या त्या गाड्या. पांचहि गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या प्रती होत्या आणि मोठ्या माणसांच्या रक्षणासाठीं पांचांनाहि शून्य तारे मिळाले. परंतु या शून्यांत एक भेद होता व तो फार शिकण्यासारखा आहे. पहिल्या तीन गाड्यांचा सांगाडाच टक्कर सोसण्यास अपुरा ठरला, तर फिगो आणि पोलो यांचा सांगाडा स्थिर राहिला. पोलोची दोन एअरबॅग असलेली प्रत तपासली तेव्हां तिला चार तारे मिळाले. म्हणजे मूळ पेटी भक्कम असेल तरच एअरबॅगचा पूर्ण उपयोग. पेटीच चेपली तर उशी काय करणार? पुढें १ जुलै २०१९ पासून चालकासाठीं एअरबॅग सक्तीची झाली, आणि २०२१ सालीं तो नियम शेजारच्या आसनासहि लागूं करण्यांत आला. ब्रेक दाबतांना चाकें जाम होऊं न देणारी एबीएस ही योजनाहि २०१९ च्या एप्रिलपासून सर्व नव्या मोटारींत आली. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एन्कॅप या नांवानें आपल्याच देशांत अशी परीक्षा सुरू झाली आहे. तिचे निकाल कोणासहि पहावयास मिळतात. विक्रेता पडदा, गाणीं आणि रंगीत दिवे दाखवूं लागला कीं ग्राहकानें शांतपणें तारे किती, हें विचारावें. त्यांतहि ज्या सालीं ज्या बनावटीची परीक्षा झाली तिचेच ते तारे असतात. नांव तेंच राहून आंतील गाडी बदललेली असूं शकते.

या सनावळीचा जुन्या गाडीच्या निवडीशीं सरळ संबंध आहे. २०१९ पूर्वींच्या लहान गाड्यांच्या स्वस्त प्रतींत एअरबॅग व एबीएस बहुधा आढळत नाहींत. तेव्हां दोन-तीन वर्षांच्या फरकानें किंमतींत तीस-चाळीस हजार वांचत असले, तरी काय वजा झालें आहे तें पाहूनच निर्णय करावा. नव्या गाडीची किंमत घसरते कशी, तें विमा कंपन्यांच्या कोष्टकावरून कळतें. विम्यासाठीं गाडीचें मूल्य ठरवितांना पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षीं २०, तिसऱ्या वर्षीं ३०, चौथ्या वर्षीं ४० आणि पांचव्या वर्षीं ५० टक्के घट धरण्याची रीत आहे. बाजारभाव याच्या मागेंपुढें होतो, पण दिशा हीच. शिवाय नवी गाडी घेणारानें फलकावरील किंमत भरली म्हणजे झालें, असेंहि नाहीं. नोंदणीचा कर, विमा आणि "अॅक्सेसरीज" या गोंडस नांवाखालीं येणारीं पायपुसणीं यांची बेरीज निराळी असते. या सर्वांचा विचार करतां, बेताच्या मिळकतीच्या कुटुंबास तीन-चार वर्षें वापरलेली, २०२१ नंतरची, चांगल्या सांगाड्याची गाडी नव्याहून अधिक हितावह ठरते. अट एकच, ती पारखून घेतां आली पाहिजे.

पारख करावयास सकाळीं जावें, आणि इंजिन आधीं तापवून ठेवूं नये असें बजावून जावें. गरम इंजिन आपलीं दुखणीं लपवितें. थंड असतांना सुरू करून मागच्या नळीकडे पहावें. प्रथम थोडी पांढरी वाफ निघणें साहजिक आहे. ती थांबलीच नाहीं तर थंडाव्याचें पाणी इंजिनांत शिरत असल्याचा संशय घ्यावा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतें आहे, काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातें आहे. ऑइल भरण्याचें झांकण उघडून आंतल्या बाजूस ताकासारखा पांढुरका लेप दिसला तर तेलांत पाणी मिसळलें असावें. क्लच पाहण्याची मेकॅनिक लोकांची साधी युक्ति आहे: मोकळ्या जागेंत हॅन्डब्रेक ओढून, गाडी तिसऱ्या गिअरमध्यें टाकून क्लच हळूहळू सोडावा. इंजिन लगेच बंद पडलें तर क्लच धड आहे. तें तसेंच गुरगुरत राहिलें तर क्लच घसरतो आहे.

रंग दुपारच्या फिरत्या उजेडापेक्षां सकाळच्या तिरप्या उजेडांत पहावा. दारें, बॉनेट आणि डिकी यांच्या फटी दोहों बाजूंस सारख्या आहेत कां, हें बोटानें चाचपावें. एका बाजूची फट रुंद व दुसरीकडची चिंचोळी असेल तर गाडी कोठेंतरी आदळलेली असण्याचा संभव फार. कोंकणांतील अथवा मुंबईच्या किनाऱ्यावरील गाडी असेल तर खारट हवेनें दारांच्या तळाशीं आणि चाकांवरील कमानींत गंज धरलेला असतो. वरून रंग मारला तरी तो आंतून खात राहतो.

पुराच्या पाण्यांत बुडालेली गाडी हा निराळाच धोका. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबईंत असंख्य मोटारी पाण्याखालीं गेल्या. २०१९ सालीं सांगली-कोल्हापूरकडे, २०२१ च्या जुलैंत चिपळूणांत तीच गत झाली. अशी गाडी धुऊन पुसून दूरच्या गांवीं विकावयास आणली तर वरून ओळखूं येत नाहीं. पण पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढला तर त्याच्या टोंकाशीं गढूळ पाण्याची रेघ सांपडते. गालिचाखालीं व स्टेपनीच्या खळग्यांत वाळलेला गाळ राहतो. आसनाखालचे स्क्रू गंजलेले असतात. आजच्या गाडींत इंजिनाइतकाच विजेच्या तारांचा पसारा महत्त्वाचा असल्यामुळें असली गाडी वर्षभरानंतरहि अधूनमधून रुसते. ती फुकट मिळाली तरी घेऊं नये.

किलोमीटरच्या आंकड्यावर कितपत विसंबावें? तो मागें फिरवितां येतो, हें सर्वश्रुत आहे. तीस हजार किलोमीटर दाखविणाऱ्या गाडीच्या पेडलचें रबर झिजून गुळगुळीत झालें असेल आणि स्टिअरिंग चकाकत असेल, तर आंकडा खोटा समजावा. टायरच्या कडेवर चार आंकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५१९ म्हणजे २०१९ च्या पस्तिसाव्या आठवड्यांत तयार झालेला टायर. सर्व्हिसच्या पावत्या मागाव्यात, आणि शेवटीं ओळखीच्या मेकॅनिकास त्याची फी देऊन गाडी खालून दाखवावी. विक्रेत्यानें सुचविलेला मेकॅनिक नको.

विम्याचा कागदहि पुष्कळ बोलतो. क्लेम न करणाऱ्या मालकास दर वर्षीं वाढत जाऊन ५० टक्क्यांपर्यंत "नो क्लेम बोनस" मिळतो. मालक म्हणतो, गाडीस ओरखडाहि लागलेला नाहीं. आणि पांच वर्षें त्याच्याच हातीं असलेल्या गाडीच्या पॉलिसींत बोनस शून्य! अशा वेळीं क्लेम कशाचा होता, हें विनयानें विचारावें. हा बोनस गाडीबरोबर येत नसून मालकाबरोबर जातो, हेंहि हिशेबांत धरावें.

मग नोंदणीच्या पुस्तकावरील चासिस व इंजिनाचा क्रमांक गाडीवरील क्रमांकाशीं अक्षर न् अक्षर ताडून पहावा. सातबाऱ्यावर जसा बोजा, तसा येथें कर्ज देणाऱ्या बँकेचा उल्लेख असतो. कर्ज फिटलें असलें तरी तो उल्लेख आरटीओकडून काढून घेतल्यावांचून व्यवहार पुरा करूं नये. गॅसची टाकी मागाहून बसविली असेल तर तिची नोंद पुस्तकांत हवी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढें तपासणी करून पांच पांच वर्षांनीं वाढवावी लागते, म्हणून बारा वर्षांची गाडी घेणारानें उरलीं तीन वर्षें मोजावींत.

नांव बदलण्याची टाळाटाळ आपल्याकडे फार. "पुढच्या महिन्यांत करूं" म्हणून किल्ल्या दिल्या-घेतल्या जातात. यांत घेणाराइतकाच देणाराहि अडकतो. एका प्रकरणांत गाडी एकामागून एक अशा अनेक हातांतून गेली, पण आरटीओच्या दप्तरीं नांव पहिल्याच मालकाचें राहिलें, आणि मध्यें अपघात होऊन जीव गेला. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, कायद्याच्या दृष्टीनें नोंदींत ज्याचें नांव तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. विकणाऱ्यानें गाडी त्याच राज्यांत विकली असल्यास चौदा दिवसांच्या आंत, आणि घेणारानें तीस दिवसांच्या आंत आरटीओस कळवावयाचें असतें. त्यासाठीं २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म आहेत. परराज्यांतील गाडीस तिकडचा ना-हरकत दाखला लागतो, शिवाय येथील कर भरावा लागतो. विम्याचें पत्रहि चौदा दिवसांतच कंपनीकडे गेलें पाहिजे. तें जाऊन नव्या नांवाची पॉलिसी हातीं येईपर्यंत गाडी दारांत उभी राहिली तर कांहीं बिघडत नाहीं.