स्नायूंना ऊर्जा लागते, ती पकड सोडण्यासाठीही

मडगावच्या बाजारात बांगडा घेताना जाणते गिऱ्हाईक तो ताठ आहे की लिबलिबीत, हे आधी पाहते. ताठ मासळी ताजी, हा ठोकताळा बहुतेक वेळा बरोबर ठरतो. पण मेलेल्या माशाच्या अंगात हा ताठपणा येतो कोठून?

स्नायूपेशीत मायोसिनचे जाड आणि अ‍ॅक्टिनचे बारीक तंतू एकमेकांत शिरलेले असतात. स्नायू आखडतो तेव्हा हे तंतू आखूड होत नाहीत. ते एकमेकांवरून सरकतात. १९५४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी ‘नेचर’च्या एकाच अंकात हे मांडले. गंमत अशी की, दोन्ही गटांत एकेक हक्सली होता आणि त्यांचे परस्परांशी काहीही नाते नव्हते.

तंतू सरकवते ते मायोसिन. त्याचे डोके अ‍ॅक्टिनला पकडते, काही नॅनोमीटर ओढते आणि तेथेच अडकून बसते. एटीपी हा ऊर्जावाहक रेणू येऊन डोक्याला चिकटला, तरच ती पकड सुटते. मग त्याच रेणूच्या विघटनातून डोके पुढच्या ओढीसाठी सज्ज होते. मृत्यूनंतर एटीपीचा साठा संपतो आणि बसलेली पकड सुटत नाही. बांगड्याचा ताठपणा तो हाच. पुढे विकरे प्रथिने तोडू लागली की मासा नरम पडतो.

अशी चालक प्रथिने केवळ स्नायूंत नसतात. रोगजंतूंचा पाठलाग करणारी पांढरी पेशी आपले मागचे टोक पुढे ओढून घेते, ते मायोसिनच्याच बळावर. कायनेसिन नावाचे दुसरे प्रथिन ८ नॅनोमीटरची पावले टाकीत पेशीच्या आत माल वाहून नेते. कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंतचा मीटरभर लांबीचा चेतातंतू या हमालीवरच जगतो.

हृदयात मात्र सोडण्याचा प्रश्न जिवावरचा आहे. ठोक्यानंतर हृदय सैल पडले नाही, तर त्यात रक्त भरणार कसे? तेथे मायोसिनला आवरून धरणारे एक प्रथिन असते. त्याच्या जनुकातील २५ अक्षरे गळालेली असण्याचा दोष भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. हैदराबादच्या सीसीएमबीचा त्यात प्रमुख वाटा होता. हा दोष असणे म्हणजे रोग नव्हे. अनेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. काहींचा हृदयस्नायू मात्र वयानुसार दुबळा होतो किंवा जाड होतो. म्हणून घरात कोणाचा अकाली, अचानक मृत्यू झाला असेल, तर इको तपासणीविषयी हृदयरोगतज्ज्ञांना जरूर विचारावे.

हृदयस्नायू जाड होण्याच्या आनुवंशिक विकारात मायोसिनची वाजवीपेक्षा अधिक डोकी कामाला लागलेली असतात. ती कमी करणारे माव्हाकामटेन हे औषध २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. त्याची मात्रा जास्त झाली तर हृदयाचा जोरच घटतो, त्यामुळे ते घेणाऱ्या रुग्णाची इको तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते.