डॉक्टर, मृत्यू किती वाजता झाला?

मालिकेतला डॉक्टर मृतदेहावर एक नजर टाकतो आणि सांगून मोकळा होतो, 'रात्री अकरा ते साडेअकरा.' खऱ्या शवागारात असं उत्तर मिळत नाही. तिथे 'इतक्या तासांपासून इतक्या तासांपर्यंत' असा अंदाज मिळतो, आणि मृतदेह जितका जुना तितका तो अंदाज सैल. कारण हृदय थांबलं म्हणून सगळ्या ऊती एकदम मरत नाहीत. मेंदूच्या पेशी काही मिनिटांत दगावतात. दंडाच्या स्नायूवर मात्र मृत्यूनंतर तास-दोन तासांनीही फटका मारला, तर तो आकसून टेंगूळ वर येतं!

स्नायू सैल पडायलाही ऊर्जा लागते, हे ठाऊक होतं? ही ऊर्जा पुरवणारं एटीपी संपलं की स्नायूंतले तंतू एकमेकांत अडकून बसतात आणि देह ताठतो. ताठरपणा आधी पापण्यांत आणि जबड्यात जाणवतो, मग मानेत, हातांत, शेवटी पायांत. देह ताठायला १२ तास, ताठ राहण्याचे १२, सैल पडायला १२, असा ढोबळ हिशेब. उन्हाळ्यात तो लवकर आटोपतो. आपल्याकडे घरातली जाणती माणसं मृताचे डोळे लगेच मिटतात, हनुवटी बांधतात, पायांचे अंगठे जुळवून बांधतात. किती अचूक निरीक्षण आहे त्यामागे!

रक्त थांबलं की खाली उतरतं. उताण्या देहाच्या पाठीवर जांभळट डाग पडतात आणि काही तासांत पक्के होतात. देह उताणा सापडला, पण पक्के डाग छातीवर असले, तर समजावं, कोणीतरी तो नंतर पालथ्याचा उताणा केला. डाग चेरीसारखे लालभडक असतील, तर संशय कार्बन मोनॉक्साइडवर. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर असा घात करतो.

देह दर तासाला ठरावीक अंशाने थंड होतो? नाही. सुरुवातीला तापमान जेमतेम हलतं; पुढचा वेग कपडे, अंगातली चरबी, वारा यांवर ठरतो. विदर्भातल्या मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली, तर उघड्यावरचा देह थंड व्हायचं सोडून तापेल.

मेल्यावर नखं-केस वाढतात, ही मात्र निव्वळ समजूत. कातडी सुकून मागे सरते, म्हणून ती लांब दिसतात.

माश्यांची साक्ष तर फार जुनी. चीनच्या सोंग त्झ याने १२४७ च्या ग्रंथात एका खुनाची हकिगत दिली आहे. तपासनीसाने गावकऱ्यांना आपापले विळे जमिनीवर ठेवायला लावले. माश्या एकाच विळ्यावर घोंगावल्या, आणि त्याच्या मालकाने गुन्हा कबूल केला. आज माश्यांच्या अळ्यांचं वय मोजून मृत्यूला किती दिवस झाले, हे काढतात.

या विषयातली सर्वांत गाजलेली चूक अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातली. १९७७ मध्ये उकरलेल्या एका कबरीत मस्तक नसलेला देह सापडला. मांस अजून गुलाबीसर होतं. मानववंशशास्त्रज्ञ विल्यम बास यांनी अंदाज दिला, मृत्यूला फार तर वर्ष झालं असेल. निघाला तो कर्नल विल्यम शाय, १८६४ मध्ये यादवी युद्धात पडलेला! मसाला भरलेला देह लोखंडी शवपेटीत घट्ट बंद होता, म्हणून टिकला. अंदाज ११३ वर्षांनी हुकला. बास यांनी ही चूक लपवली नाही, उलट तिच्यातून संशोधन उभं केलं. नॉक्सव्हिलला दान केलेले देह उघड्यावर ठेवून बदल नोंदवण्याचं केंद्र त्यांनी सुरू केलं; पहिला देह तिथे १९८१ मध्ये आला. आज तपासात वापरले जाणारे कितीतरी आडाखे त्या दानातून आले आहेत.

आणि आता जिवंतांच्या कामाची गोष्ट. डोळ्याच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, तो प्राणवायू थेट हवेतून घेतो. म्हणून मृत्यूनंतर साधारण ६ तासांपर्यंत नेत्रदान होऊ शकतं. चष्मा असो वा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असो, चालतं. घरात मृत्यू झाला, तर पापण्या मिटा, त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या आणि लगेच जवळच्या नेत्रपेढीला फोन करा.