वेबच्या कामासाठी कोणतं लिनक्स? गैरसमज आणि वस्तुस्थिती

भोसरी, तळवडे आणि चाकणच्या एमआयडीसीत सुटे भाग बनवणारे अनेक कारखाने आता ऑर्डर, साठा आणि तपासणीचे अहवाल ब्राउझरमध्येच पाहतात. ही पोर्टलं आणि वेबसाइट्स बनवून देणारी मंडळी बहुधा जवळचीच असतात. निगडी-आकुर्डीतली चार-पाच जणांची ऑफिसं, कारखान्याच्या आयटी विभागातला एकटा माणूस, नाहीतर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात कामं घेऊ लागलेली मुलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो, आणि तो नसलेली चांगली मशीन्स अजून टेबलावर आहेत. त्यामुळे ‘लिनक्स टाकून बघू का?’ हा प्रश्न पुन्हा निघतो, आणि त्यावर मिळणारे सल्ले बरेचसे ऐकीव असतात. त्यातले नेहमीचे इथे तपासून पाहू.

गैरसमज १ : फुकट आहे म्हणजे लायसन नाही, कंपनीत चालणार नाही

वस्तुस्थिती : लायसन आहे आणि ते स्पष्ट आहे. लिनस टॉरव्हाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेला लिनक्स कर्नल जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मिळतो. वापरा, कॉपी करा, बदला, दुसऱ्याला द्या. बदललेली प्रत दुसऱ्याला दिलीत तर तिचा सोर्स कोडही द्या, ही त्यातली मुख्य अट. तुमच्या वेबसाइटला ती लागू होत नाही. लिनक्सवर बसून लिहिलेला कोड तुमचा किंवा तुमच्या ग्राहकाचाच राहतो.

कायद्याचा धोका आहे तो क्रॅक मारलेल्या सॉफ्टवेअरमध्ये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-बी प्रमाणे बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. चाकणला याची आणखी एक बाजू आहे. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने इथेच आहेत, आणि जर्मन वाहन उद्योग पुरवठादारांची माहिती-सुरक्षा टिसॅक्स या पद्धतीने तपासतो. मशीनवर मंजूर केलेलं सॉफ्टवेअरच आहे ना, हे त्यात विचारलं जातं. तिथे डेबियनसारखं लिनक्स उघडपणे दाखवता येतं. क्रॅक दाखवता येत नाही.

गैरसमज २ : कालीच टाका, खरे डेव्हलपर तेच वापरतात

वस्तुस्थिती : काली लिनक्स सुरक्षेच्या चाचण्या घेणाऱ्यांसाठी बनवलेलं आहे. लिनक्सची ओळख नसलेल्यांनी, किंवा डेव्हलपमेंट आणि वेब डिझाइनसाठी रोजचा डेस्कटॉप शोधणाऱ्यांनी ते घेऊ नये, असं कालीच्या अधिकृत मार्गदर्शिकेतच सांगितलेलं आहे.

बाकीच्या नावांमधलं अंतर दिसतं तेवढं मोठं नसतं. उबंटू डेबियनवरून निघालं, मिंट उबंटूवरून. सीडॅकचं बॉस लिनक्स हेही डेबियनवरच उभं आहे. व्हीएस कोड, गिट, ब्राउझर आणि डेटाबेस या सगळ्यांवर जवळपास सारखेच चालतात. खरा फरक असतो तो डेस्कटॉपच्या मांडणीत, पॅकेज किती जुनी-नवी आहेत यात, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार यात.

गैरसमज ३ : वेबचं जग रोज बदलतं, म्हणून सिस्टीमही सर्वांत ताजी हवी

वस्तुस्थिती : उबंटूची एलटीएस, म्हणजे लांब मुदतीच्या सपोर्टची आवृत्ती दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते. तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. २४.०४ ची मुदत त्यामुळे २०२९ पर्यंत आहे. फेडोराची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला साधारण तेरा महिनेच सांभाळलं जातं. आर्चमध्ये आवृत्त्या नसतातच, अपडेट सतत येत राहतात. फेडोरा आणि आर्च या उत्तम प्रणाली आहेत, पण त्यांची देखभाल करायला वेळ काढावा लागतो. शुक्रवारी ग्राहकाला डेमो आहे आणि गुरुवारी रात्रीच्या अपडेटनंतर ग्राफिक्सचा ड्रायव्हर रुसला, तर तो वेळ कोणाच्याच बिलात धरलेला नसतो.

मग नोड किंवा पीएचपीचं नवं व्हर्जन कुठून आणायचं? जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये नोड १८ होतं. नोडच्या मूळ प्रकल्पाने त्या व्हर्जनचा सपोर्ट एप्रिल २०२५ मध्ये थांबवला. एवढ्यासाठी सिस्टीम बदलायची गरज नाही. एनव्हीएमसारखं साधन वापरून एकाच मशीनवर जुन्या प्रकल्पाला नोड १८ आणि नव्याला नोड २२ देता येतं. पायथनसाठी पायएन्व्ह आहे, आणि पीएचपी, डेटाबेस, रेडिस हे सगळं डॉकरच्या कंटेनरमध्ये वेगवेगळं ठेवता येतं. सिस्टीम स्थिर आणि साधनं प्रकल्पागणिक, अशी वाटणी केली की ताज्या आवृत्तीचा हट्ट आपोआप सुटतो.

गैरसमज ४ : माझ्या मशीनवर चालतं, म्हणजे सर्व्हरवरही चालणार

वस्तुस्थिती : वेबसाइट बहुतेक वेळा लिनक्सच्या सर्व्हरवर जाते, आणि विंडोजवर लपून राहिलेल्या चुका तिथे बाहेर येतात. पहिली चूक फाइलच्या नावाची. विंडोज, आणि नेहमीच्या मांडणीत मॅकसुद्धा, इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही. लिनक्स करतं. फोटोच्या नावात पहिलं अक्षर मोठं आणि कोडमध्ये लहान असेल, तर ऑफिसात फोटो दिसतो आणि साइट लाइव्ह झाल्यावर गायब होतो. दुसरी चूक ओळीच्या शेवटाची. विंडोज तिथे दोन अदृश्य चिन्हं टाकतं, लिनक्स एकच, त्यामुळे विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट सर्व्हरवर पहिल्याच ओळीला अडू शकते. तिसरी बाब फाइलच्या परवानग्यांची. कोणी वाचायचं, कोणी लिहायचं, कोणी चालवायचं हे लिनक्सवर काम करताना आधीच लक्षात येतं. नाहीतर ते ग्राहकाच्या अपलोडचं बटण बंद पडल्यावर कळतं.

डॉकरचंही तसंच. कंटेनरला लिनक्सचा कर्नल लागतो. विंडोज आणि मॅकवर त्यासाठी आत एक लिनक्सचं आभासी मशीन चालवावं लागतं, लिनक्सवर ते थेट चालतं. शिवाय डॉकर डेस्कटॉप सर्वांना मोफत नाही. २५० पेक्षा जास्त कर्मचारी किंवा वर्षाला एक कोटी डॉलरपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपनीला त्याचे पैसे मोजावे लागतात. लिनक्सवरचं डॉकर इंजिन मात्र मुक्त लायसनखाली आहे. मोठ्या कारखान्याच्या आयटी विभागात काम करणाऱ्यांनी हे नीट पाहावं.

लहान कारखान्यांसाठी मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट बसवायचं असेल, तर मारियाडीबी, रेडिस, पायथन आणि नोड हे सगळे एकत्र नांदवावे लागतात. हे काम लिनक्सवर सरळ होतं. विंडोजवर ते डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय) किंवा डॉकरमधूनच करावं लागतं.

गैरसमज ५ : लिनक्स घ्यायचं तर विंडोज पुसून टाकावं लागतं

वस्तुस्थिती : पेन ड्राइव्हवरून उबंटू किंवा मिंट न बसवताही चालवून पाहता येतं. वायफाय, साउंड, दुसरा मॉनिटर चालतो का, हे तिथेच समजतं. पुढे ड्युअल बूट करायचं असेल तर आधी बॅकअप घ्या आणि बिटलॉकर चालू असल्यास त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. विंडोज सोडायचंच नसेल तर डब्ल्यूएसएल आहे. २०१९ मध्ये जाहीर झालेली त्याची दुसरी आवृत्ती खऱ्या लिनक्स कर्नलवर चालते. प्रकल्पाच्या फाइल मात्र लिनक्सच्या बाजूलाच ठेवा. त्या सी ड्राइव्हवर ठेवल्या की काम रेंगाळतं.

काही टेबलं विंडोजवरच राहू द्यावीत. टॅलीवर बसणारा अकाउंटंट, कॅटिया किंवा सॉलिडवर्क्सवर काम करणारा डिझायनर यांना लिनक्सवर ओढण्यात शहाणपण नाही. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लावून टेंडर भरायचं मशीनही आधी चाचणी घेतल्याशिवाय बदलू नका. आयफोनचं ॲप बांधायचं असेल तर एक्सकोड लागतं आणि ते फक्त मॅकवर चालतं.

गैरसमज ६ : जुन्या मशीनवर लिनक्स टाकलं की ते पळायला लागतं

वस्तुस्थिती : सिस्टीम हलकी होते, काम हलकं होत नाही. वीस टॅब उघडलेला ब्राउझर, व्हीएस कोड आणि तीन कंटेनर लिनक्सवरही मेमरी खाणारच. सहाव्या-सातव्या पिढीच्या आय-फाइव्हमध्ये एसएसडी आणि ८ जीबी रॅम असेल तर एक्सएफसीई डेस्कटॉपच्या मिंटवर साधी वेबची कामं नीट होतात. डॉकर रोज लागत असेल तर १६ जीबी धरा. ४ जीबीच्या मशीनवर आधी रॅम वाढवा, मग प्रणालीचा विचार करा.

गैरसमज ७ : लिनक्सला व्हायरस लागत नाही

वस्तुस्थिती : मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पॅकेजमध्ये पेरलेला चोरदरवाजा सापडला. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा संशय आला आणि त्यातून तो उघड झाला. बाधित पॅकेज डेबियनच्या चाचणी शाखेत, फेडोराच्या चाचणी आवृत्तीत आणि कालीतही पोहोचलं होतं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत आणि उबंटूच्या एलटीएस आवृत्त्यांत ते गेलेलं नव्हतं. स्थिर आवृत्ती घ्यावी, याला हेही एक कारण.

वेबवाल्यांचा रोजचा धोका वेगळा आहे. एनपीएमवरून घेतलेलं घातक पॅकेज तुमच्याच परवानगीने चालतं आणि पासवर्ड, एसएसएच की उचलू शकतं. तिथे प्रणाली कोणती, याने फार फरक पडत नाही. अनोळखी पॅकेज तपासून घेणं, सर्व्हरवर पासवर्डऐवजी की वापरणं आणि अपडेट वेळेवर करणं, हेच उपाय.

गैरसमज ८ : मागे मोठी कंपनी असली की चिंता नाही, नसली की कोणी वाली नाही

वस्तुस्थिती : दोन्ही बाजू चुकीच्या आहेत. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील, असं ठरलेलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने ते २०२१ अखेर थांबवण्याचं जाहीर केलं आणि त्यावरचे सर्व्हर हलवण्याची धावपळ झाली. कोड खुला असल्यामुळेच अल्मा लिनक्स आणि रॉकी लिनक्स २०२१ मध्ये त्या जागी उभे राहू शकले. उलट डेबियन कुठल्याच कंपनीचं नाही, तरी १९९३ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालू आहे.

पैसे देऊन सपोर्ट हवा असेल तर रेड हॅट आणि कॅनॉनिकल तो विकतात. रेड हॅटचं ऑफिस पुण्यातच आहे. उबंटू प्रो स्वतःच्या पाच मशीनपर्यंत मोफत आहे आणि एलटीएसचे सुरक्षा-अपडेट दहा वर्षांपर्यंत लांबवतं. नुसतं विचारायचं असेल तर पुणे लिनक्स यूजर्स ग्रुपसारखी मंडळी आहेत.

गैरसमज ९ : लिनक्सवर मराठीचं काम होत नाही

वस्तुस्थिती : नोटो आणि लोहित हे देवनागरी फाँट मोफत आहेत, आणि सेटिंगमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडता येतो. अडचण येते ती ग्राहकाने जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये दिलेल्या मजकुराची. तो वेबसाइटसाठी युनिकोडमध्ये बदलून घ्यावाच लागतो, प्रणाली कोणतीही असो.

मग घ्यायचं काय?

सर्व्हरवर काय आहे ते आधी पाहा. तिथे उबंटू किंवा डेबियन असेल तर टेबलावर उबंटू एलटीएस किंवा मिंट घ्या. तिथे रेड हॅट किंवा अल्मा असेल तर अल्मा किंवा फेडोरा जवळचं पडेल. ग्राहकाच्या सर्व्हरसाठी कायम स्थिर आणि लांब मुदतीचीच आवृत्ती निवडा. आणि कारखान्यात प्रत्येक गेजवर कॅलिब्रेशनची पुढची तारीख चिकटवलेली असते, तशी प्रत्येक मशीनच्या आणि सर्व्हरच्या नोंदीत सपोर्ट संपण्याची तारीख आजच लिहून ठेवा.