दसऱ्यानंतरचा रेनकोट

दसरा जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये रेनकोट घडी घालून माळ्यावर जातात. आणि नेमके त्याच दिवसांत आपले चालणे वाढते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव. कोणी पदयात्रेने जातात, कोणी स्टेशनपासून चालत, कोणी रात्र मैदानावरच काढतात. पाऊस महाराष्ट्रातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परत फिरतो. म्हणजे अशोक विजयादशमीला तो पुरता गेलेला असेलच असे नाही. डिसेंबरचीही खात्री नाही. २०१७ साली ओखी चक्रीवादळामुळे ५ डिसेंबरला मुंबईत पाऊस आला, शिवाजी पार्कवर चिखल झाला आणि चैत्यभूमीसाठी आलेल्या अनुयायांना पालिकेच्या शाळांत हलवावे लागले. थंडीच्या कपड्यांची तयारी करून आलेले लोक पावसात सापडले.

आरोग्य तपासणीच्या टेबलावर आम्हाला नेहमी विचारतात, “ताई, भिजल्याने ताप येतो का?” सर्दी-ताप विषाणूंमुळे येतो, पावसामुळे नव्हे. पण भिजलेले कपडे अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेतात. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि त्यात वारा लागला तर विचारूच नका. तरुण माणूस कुडकुडतो आणि निभावून नेतो. साठीच्या पुढची माणसे, दम्याचे आणि हृदयाचे रुग्ण, तान्ही मुले यांना हे जड जाते. म्हातारे माणूस कापायचे थांबले, जीभ जड झाली, झापड येऊ लागली, तर ते शांत झोपले असे समजू नये. ओले कपडे ताबडतोब काढावेत, कोरड्या चादरीत गुंडाळावे, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्यावा आणि दवाखाना गाठावा. ऊब यावी म्हणून दारू तर मुळीच पाजू नये. तिने कातडीला गरम वाटते, पण आतली ऊब आणखी कमी होते.

आता खरेदीकडे वळू. बाजारात तीन तऱ्हेचा माल दिसतो. पहिला जाड प्लास्टिकचा किंवा रेक्झिनचा कोट. पाणी आत येऊ देत नाही, पण घामही बाहेर जाऊ देत नाही. दुसरा नायलॉनचा, आतून पातळ थर दिलेला. हलका आणि घडी लहान. तिसरा विंडचीटर. फसगत होते ती इथे. विंडचीटर वारा अडवतो, बारीक भुरभुर दहा मिनिटे झेलतो आणि मग खांद्यातून झिरपू लागतो. दुकानदार त्यालाही “वॉटरप्रूफ आहे” म्हणतो. लेबलवर ‘वॉटर रेझिस्टंट’ किंवा ‘वॉटर रिपेलंट’ लिहिले असेल तर तो पावसाचा कोट नाही, असे समजून चालावे.

काही लेबलांवर ३००० किंवा ५००० मिलिमीटर असा आकडा असतो. त्या कापडावर पाण्याची नळी उभी धरली तर किती उंच पाणी होईपर्यंत ते झिरपत नाही, त्याचे हे माप. १५०० हा कामचलाऊ आकडा. पण पाठीवर बॅग असेल तर पट्ट्यांच्या दाबाने पाणी खांद्यातून आत ढकलले जाते, म्हणून लांब चालणाऱ्याने ३००० ते ५००० चा पाहावा. त्याहून मोठ्या आकड्यांसाठी आपल्या कामाला जास्त पैसे मोजायची गरज नाही.

आकडा नसेल तरी हरकत नाही. कोट दुकानातच उलटा करा. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का? सुईचे प्रत्येक भोक ही पाण्याची वाट असते, आणि पट्टी नसेल तर कापड कितीही चांगले असले तरी खांदे भिजणारच. मग बाटलीतले चमचाभर पाणी कापडाच्या खोलगट भागात टाका आणि खालून अंगठ्याने दाबून धरा. मिनिटाभराने अंगठा ओला लागला तर कोट परत. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या, पैसे आपले आहेत. चेनवर झाकणाची पट्टी हवी, टोपीला नाडी हवी, बाहीच्या तोंडाला इलॅस्टिक किंवा वेल्क्रो हवे. माप घेताना अंगात स्वेटर घालून घ्या. पावसात बसलेला कोट थंडीत स्वेटरवर बसला नाही तर अर्धे पैसे वाया गेले. रंग पिवळा, नारिंगी किंवा फिकट घ्यावा. हमरस्त्याने रात्री चालताना काळा कोट ट्रकवाल्याला दिसत नाही. शक्य तर पाठीवर चमकणारी पट्टी शिवून घ्यावी.

“कोट गळतो हो” ही तक्रार आम्ही पुष्कळ ऐकतो, आणि पुष्कळदा कोट गळत नसतो. कुठे ओले आहे ते पाहावे. खांद्याच्या शिवणीवर, गळ्याशी, चेनच्या रेषेत ओले असेल तर पावसाचे पाणी. पाठ, छाती आणि काखा सारख्याच दमट असतील तर तो आपलाच घाम. दोन तास चालून बनियन घामाने भिजते आणि मग मैदानावर बसलो की तेच अंगावर गार पडते.

यावर उपाय म्हणून हजारो रुपयांचे ‘श्वास घेणारे’ कोट विकले जातात. ते खोटे नाहीत, पण आतली वाफ बाहेर पडायला बाहेरची हवा थंड आणि कोरडी लागते. ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात त्यांचा फारसा उपयोग होत नाही. आपल्याला परवडते ते साधे: काखेत भोके किंवा चेन, पाठीवर झाकणाखाली जाळी, आणि सैल माप. आतून सुती बनियनऐवजी पातळ टेरीकॉटचा किंवा खेळाडू घालतात तसा टी-शर्ट घालावा, तो लवकर वाळतो. एक कोरडा सदरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून जवळ ठेवावा. मुक्कामावर पोचताच आधी तो बदलायचा, चहा नंतर. घामेजल्या अंगाने राहिल्यास जांघेत आणि स्तनांखाली नायटा उठतो. त्यावर मेडिकलमधून मागून आणलेल्या स्टिरॉइड मिसळलेल्या ट्यूबा चोळू नका. खाज थांबते, नायटा पसरतो.

साडी नेसणाऱ्या उपासिकांना शर्ट-पँटचा जोड उपयोगाचा नाही. गुडघ्याखाली येणारा, समोरून उघडणारा लांब कोट घ्यावा. पोंचो बॅगेसकट सगळे झाकतो, पण वाऱ्यात उडतो आणि गर्दीत त्यावर कोणाचा तरी पाय पडतो. कडेवर बाळ असेल तर कोटाच्या आत त्याचे तोंड झाकले जाऊ देऊ नका, बाळ गुदमरते.

आणि घरात चांगला कोट कोणाला, हा प्रश्न विचारायलाच हवा. बहुतेक घरांत तो गाडी चालवणाऱ्या पुरुषाला येतो. पहाटे पाच वाजता चालत चार घरची धुणीभांडी करायला जाणारी बाई डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन निघते. भिक्खू चीवर पांघरताना चिंतन करतो की हे वस्त्र थंडी, ऊन, वारा, डास यांपासून रक्षणासाठी आहे, मिरवण्यासाठी नाही. त्या कसोटीने पाहिले तर घरातला चांगला कोट सर्वात जास्त चालणाऱ्याचा. बाबासाहेबांनी समतेची गोष्ट फक्त बाहेरच्या समाजासाठी सांगितली नव्हती.

आपल्यातले अनेक भाऊ-बहिणी सफाईच्या कामावर कंत्राटी आहेत. ठेकेदाराकडून मिळतो तो कोट पुष्कळदा एका पावसाळ्यातच फाटतो, नाहीतर सगळ्यांना एकाच मापाचा येतो. करारात रेनकोट लिहिला आहे का, हे युनियनच्या माणसाकडून पाहून घ्यावे. असेल तर फाटलेला कोट दाखवून लेखी मागणी करावी आणि अर्जाची पोच घ्यावी. तोंडी मागणीचा पुरावा राहत नाही.

घरी आणल्यावर कोट मशीनमध्ये पावडर टाकून घुसळू नये. सौम्य साबणाच्या गार पाण्यात हाताने धुवावा, कंडिशनर टाळावे, पिळू नये, सावलीत टांगून वाळवावा. ओला तसाच घडी केलेला कोट दमट हवेत आतून चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात. पापुद्रे सुटू लागले की दुरुस्तीवर पैसे घालू नयेत. नुसती शिवण गळत असेल तर छत्री-रेनकोट दुरुस्त करणाऱ्याकडून पट्टी बसवून घ्यावी. प्लास्टिकचा कोट काखेत फाटला तरी पाठीचा तुकडा शाबूत असतो, त्याचे मुलांच्या दप्तराला झाकण होते.