दोन रांगा, एक मैदान

जुन्यानव्या वास्तुशैलींतील वैधर्म्य छायाचित्रांत टिपावयाचें तर आम्ही मुंबईच्या ओव्हल मैदानाची शिफारस करूं. पूर्वेस १८७८ सालीं पूर्ण झालेला राजाबाई मनोरा व हायकोर्ट यांची दगडी, टोकदार कमानींची गॉथिक रांग. पश्चिमेस समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर १९३० नंतर उठलेली सिमेंटकाँक्रीटची आर्ट डेको घरें, त्यांचे गोलाईदार सज्जे व आडव्या रेषा. सकाळचें ऊन नव्या रांगेवर पडतें, सायंकाळचें जुन्या दगडावर. म्हणून दोन वेळां जावें. मनोरा टिपतांना कॅमेरा वर कलविल्यास तो मागें रेलल्यासारखा दिसतो. त्यापेक्षां मैदानांत दूर सरून कॅमेरा सरळ धरावा.

एके काळीं जुन्या इमारतींसमोर समुद्र दिसे. तो नव्या घरांनीं झांकला. परंतु मधली भूमि मोकळी राहिली, म्हणूनच दोन्ही रांगांची दृष्टादृष्ट होते. २०१८ सालीं युनेस्कोनें हा समूह जागतिक वारशांत घेतला. तथापि मैदान बुजलें, तर एकही दगड न ढळतां हें वैधर्म्य नाहींसें होईल. मुलांच्या हातीं कॅमेरा देतांना ही रिकामी जागा त्यांना आधीं दाखवावी.